चार घरं हिरवी, तरी शब्द हुकतो: पाच अक्षरी इंग्रजी कोड्यातला नेहमीचा घोळ

"मामा, आजपण गेलं की!"

खानापूरहून कॉलेजला येणारी माझी भाची महिन्यातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य म्हणत माझ्या डीटीपीच्या दुकानात शिरते. त्या दिवशी तिनं मोबाइल थेट लग्नपत्रिकेच्या प्रूफवरच ठेवला. स्क्रीनवर सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच घरं. दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत शेवटची चार घरं हिरवीगार: आय, जी, एच, टी. पहिल्या घरात मात्र दर ओळीला नवं अक्षर आणि ते राखाडी. एल, एन, एम, आर, एस. म्हणजे लाइट, नाइट, माइट, राइट, साइट. ओळी संपल्या आणि खेळानं उत्तर दाखवलं: ई, आय, जी, एच, टी. एट. आठ.

"आठ! पहिलीत शिकलेला शब्द आणि मला आठवू नये?"

न आठवण्याचं कारण आहे, आणि ते तिच्या हुशारीत नाही. आधी खेळ दोन वाक्यांत सांगतो. वर्डल नावाचं हे कोडं रोज एकच असतं. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर घर हिरवं, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, अक्षरच नसेल तर राखाडी. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरनं पलक शाह या आपल्या जोडीदारासाठी ते बनवलं आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना खुलं केलं. त्या 1 नोव्हेंबरला ते जेमतेम 90 जण खेळले होते, आणि दोन महिन्यांत हा आकडा तीन लाखांच्या पुढे गेला. (1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, आम्हा बेळगावकरांच्या वेगळ्याच कारणानं लक्षात राहतो, ते असो.) 2022 च्या जानेवारीअखेर न्यूयॉर्क टाइम्सनं ते विकत घेतलं.

आता दुखणं कुठं आहे ते बघू.

भाचीला विचारलं, "लाइटनंतर नाइट कसं सुचलं गं?" म्हणाली, "मनात म्हणत गेले की. लाइट, नाइट, माइट…" गोम इथंच आहे. ती अक्षरं शोधतच नव्हती, यमक शोधत होती. आपण मराठीत वाढलो, शाळेत कन्नडही शिकलो. दोन्ही लिप्या कानाच्या. जसं ऐकू येतं तसं लिहायचं, जसं लिहिलंय तसं वाचायचं. त्यामुळं शब्द शोधायचा म्हटलं की आपला कान पुढं होतो. 'आइट' असा आवाज करणारे सगळे शब्द तो भराभर गोळा करून आणतो. पण 'एट' चा आवाजच वेगळा, तो त्या रांगेत उभाच नसतो. स्पेलिंगमध्ये मात्र तो लाइटचा सख्खा भाऊ.

एकदा हे ध्यानात आलं की असे लपलेले भाऊ जिकडं तिकडं दिसायला लागतात. शेवटी ए, टी, सी, एच असेल तर बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच हे सरसर येतात. वॉच येत नाही, कारण तो 'ॲ' करत नाही, 'ऑ' करतो. ओ, डब्ल्यू, ई, आर असेल तर पॉवर आणि टॉवर सुचतात, लोअर मागं राहतो. ए, एस, टी, ई असेल तर टेस्ट, पेस्ट, वेस्ट, आणि जातीचा कास्ट बाहेरच. ओ, यू, जी, एच ची तर कमाल आहे: रफ, टफ, खोकल्याचा कॉफ, आणि त्यातच पिठाच्या गोळ्याचा डो. चार शब्द, शेपूट एकच, आवाज तीन तऱ्हेचे. कानाच्या भरवशावर यातला डो कुणाला सापडायचा नाही.

उलटाही प्रकार आहे. आवाज एक आणि स्पेलिंग दोन, दोन्ही पाच अक्षरांचीच. राइट म्हणजे बरोबर आणि राइट म्हणजे लिहिणे. ब्रेक म्हणजे मोडणे आणि ब्रेक म्हणजे गाडीचा. वेस्ट म्हणजे कंबर आणि वेस्ट म्हणजे वाया. पीस म्हणजे तुकडा आणि पीस म्हणजे शांती. या शेवटच्या जोडीनं माझा एकदा चांगलाच घाम काढलाय. श्रद्धांजलीच्या इंग्रजी ओळीत 'शांती'च्या जागी 'तुकडा' टाइप झाला होता. छापायच्या आधी नजरेस पडला म्हणून वाचलो.

तर पहिला उपाय हा: चार घरं हिरवी झाली की तोंड मिटायचं. शब्द उच्चारायचा नाही. कागद घ्यायचा, हिरवी अक्षरं जागच्या जागी लिहायची, आणि मोकळ्या घरात ए पासून झेड पर्यंत एकेक अक्षर ठेवून नुसतं डोळ्यांनी बघायचं. ए-आय-जी-एच-टी, नाही. बी, राहू दे. सी, नाही. डी, नाही. ई… थांब. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझी मुख्य अट एकच, ओठ हलता कामा नयेत. भाचीला हे फार जड गेलं. पहिले दोन दिवस ती मनातल्या मनात वाचतच होती, चेहऱ्यावरून कळायचं.

यादी हाताशी आली म्हणून काम झालं असं नाही. दुसरी चूक त्याहून महागाची आहे: यादीतले शब्द एकामागून एक उत्तर म्हणून टाकत सुटायचं. हिशेब मांडा. दुसऱ्या ओळीत लाइट टाकल्यावर शेवटची चार घरं हिरवी झाली. उरले एट, फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. सात शब्द आणि ओळी चार. एकेक टाकत गेलात तर चार शब्द तपासून होतील आणि तीन तसेच राहतील. म्हणजे सातातली तीन कोडी हरायची हे आधीच ठरलं. याला नशीब म्हणत नाहीत.

अशा वेळी एक ओळ मुद्दाम वाया घालवायची. उत्तर होणारच नाही असा शब्द टाकायचा, पण त्यात उरलेली जास्तीत जास्त अक्षरं कोंबायची. भाचीला मी टर्म्स हा शब्द दिला: टी, ई, आर, एम, एस. आता बघा. ई पिवळा झाला तर उत्तर एट. आर पिवळा तर राइट. एम पिवळा तर माइट. एस पिवळा तर साइट. टी चं जरा जपून. टी शब्दाच्या शेवटी आहेच, त्यामुळं पहिल्या घरात टाकलेला टी निदान पिवळा होणारच, त्यावरून काही ठरवायचं नाही. तो हिरवा झाला तरच उत्तर टाइट. आणि यातलं काहीच झालं नाही तर उरतात फक्त दोन, फाइट आणि नाइट. ओळी अजून तीन हातात. म्हणजे पाचव्या ओळीपर्यंत कोडं सुटलंच, कुठलाही शब्द असो.

"पण मामा, एक ओळ फुकट गेली की."

फुकट गेली नाही, एका ओळीत पाच शब्द तपासून झाले. तिला हे पटायला आठवडा लागला. हिरवी घरं समोर असताना ती सोडून भलताच शब्द टाकायला जीव होत नाही, हे मला मान्य आहे. जिंकायला आलेला डाव सोडल्यासारखं वाटतं.

याच धर्तीवर आणखी दोन तयार शब्द सांगतो. शेवटी ओ, यू, एन, डी आले तर बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड, आणि जखमेचा वूंड, असे आठ होतात (वूंड पुन्हा कानाला चकवणारा). तिथं स्वॉर्म टाका, मधमाश्यांचा थवा: एस, डब्ल्यू, ए, आर, एम. आठातले चार एका झटक्यात वेगळे होतात. मगाचच्या ए-टी-सी-एच वर क्लाइंब चालतो: सी, एल, आय, एम, बी. तिथं सी ची गत टर्म्समधल्या टी सारखीच. हिरवा झाला तर कॅच, पिवळा झाला तर काही अर्थ नाही. शेवटचा बी मुका आहे, म्हणून हा शब्दही कानाला सुचत नाही. एस, एच, ए, मग मोकळं घर, मग ई, हे मात्र वाईट दुखणं. शेड, शेक, शेल, शेम, शेप, शेअर, शेव्ह असे सात होतात, आणि एका शब्दात मावतील अशी चार व्यंजनं मला तरी जमली नाहीत. व्हेपर टाकून व्ही, पी, आर हे तीन तपासतो आणि पुढचं पुढं. मात्र व्हेपरचं अमेरिकन स्पेलिंग घ्यायचं, आपल्या शाळेतलं सहा अक्षरांचं होतं.

ज्यांनी हार्ड मोड लावलाय त्यांना हा उपाय करता येत नाही. त्यात मिळालेली हिरवी-पिवळी अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, टर्म्स तो स्वीकारणारच नाही. माझं सरळ मत: हार हार होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करा. भाचीनं तो कधी चालू केला हे तिलाच ठाऊक नव्हतं. वर्गातल्या कुणीतरी "मी हार्डवर खेळतो" म्हटलं असणार.

आता हे दुखणं मुळात होऊच नये म्हणून काय करायचं? इथं मला वडील आठवतात. ते बेळगावात छापखान्यात खिळे जुळवायचे. मी लहानपणी त्यांच्या मागं उभा राहून इंग्रजी केस बघायचो. लाकडी ट्रे, त्यात लहानमोठे खण, खणाखणात शिशाची अक्षरं. सगळ्यांत ऐसपैस खण ई चा. झेड आणि क्यू चे खण एवढेसे, कोपऱ्यात. मी विचारलं होतं, ई चा एवढा मोठा का? म्हणाले, "तो सारखा संपतो." एवढंच उत्तर. पुढं लायनोटाइप यंत्राचा कीबोर्ड पाहिला, त्यातही पहिल्या उभ्या रांगेत ई, टी, ए, ओ, आय, एन आणि दुसरीत एस, एच, आर, डी, एल, यू. जास्त लागणारी अक्षरं आधी. मोर्सच्या तारेतही ई ला एकच टिंब.

वर्डलच्या उत्तरांची मूळ यादी 2,315 शब्दांची होती. त्यात ई 1,233 वेळा येतो, ए 979 वेळा, आर 899 वेळा. त्यांच्या मागं ओ, टी, एल, आय, एस, एन. वडिलांच्या केसशी बरंच जुळतं, आर तेवढा जरा जास्तच पुढं सरकलाय. म्हणून पहिला शब्द याच अक्षरांतून घ्यावा. मी क्रेन घेतो किंवा स्लेट. भाची ऑडिओ घ्यायची, कारण त्यात चार स्वर. स्वर कळतात खरे, पण कोडं अडतं ते व्यंजनांवर. आठवा, ओ-यू-एन-डी मध्ये स्वर तर आधीच मिळालेले होते. स्लेट एस पासून सुरू होतो, त्याचाही फायदा आहे: त्या यादीतले 366 शब्द एस नं सुरू होतात, दुसरं कुठलंच अक्षर त्याच्या जवळपास नाही.

एस शेवटी मात्र टाकायला धजू नका, निदान उत्तर म्हणून. चार अक्षरी शब्दाला नुसता एस जोडून केलेलं अनेकवचन तपासण्यासाठी चालतं (टर्म्स तसाच), पण मूळ यादीत उत्तर म्हणून तसले शब्द ठेवलेले नाहीत. शेवटच्या घराचे खरे मालक दोन. ई, 424 शब्द. आणि वाय, 364 शब्द. वाय इथं पुन्हा आपल्या कानाची परीक्षा घेतो. हॅपी, सिली, फनी यांचा शेवट आपल्याला दीर्घ ई ऐकू येतो, आणि हात आपोआप आय किंवा ई वर जातो. शेवटचं घर कळत नसेल तर तिसऱ्या ओळीपर्यंत वाय तपासूनच घ्या.

एक फसगत रंगांची. भाचीनं एकदा हॅलो टाकला: एच, ई, एल, एल, ओ. पहिला एल पिवळा, दुसरा राखाडी. तिनं राखाडी बघितला आणि एल शब्दातच नाही असं धरून चालली. उत्तर होतं लेमन. तुम्ही एक अक्षर दोनदा टाकलं आणि उत्तरात ते एकदाच असेल, तर खेळ एकालाच रंग देतो, दुसरं राखाडी ठेवतो. त्या राखाडीचा अर्थ 'हे अक्षर नाही' असा नाही, 'दुसरं नाही' असा आहे. आणि रंग देताना बरोबर जागेवरच्याला आधी मान. खालच्या कीबोर्डवर एल पिवळाच दिसत होता. तिकडं बघितलं असतं तरी भागलं असतं.

याच्या उलट, अक्षर दोनदा असू शकतं हे आपल्याला सुचतच नाही. मूळ यादीत साधारण तीनांतल्या एका शब्दात कुठलं तरी अक्षर पुन्हा येतं. सगळी अक्षरं तपासून झाली, काहीच बसेना, तर हिरव्यातलंच एखादं पुन्हा ठेवून बघा. क्यू म्हणजे रांग, बसस्टँडवर उभी राहते ती. आपल्याकडं लिहायला एक जोडाक्षर, आणि इंग्रजीत क्यू, यू, ई, यू, ई अशी पाच. पहिलंच अक्षर आवाज करतं, बाकीची चार त्याच्या मागं रांगेत उभी.

शब्द कुठले चालतात यावरूनही दुकानात वाद होतात. गावांची नावं चालत नाहीत. हुबळी जुन्या स्पेलिंगनं पाच अक्षरी असूनही नाही. बेळगाव तसंही बसलं नसतं: जुनं स्पेलिंग सात अक्षरांचं, 2014 च्या 1 नोव्हेंबरपासूनचं बेळगावी आठांचं. (त्या एका वाढीव अक्षरापायी किती लेटरहेड मी नव्यानं लावली म्हणता.) पण तपासायचा शब्द म्हणून भाजी चालतो, बी, एच, ए, जे, आय. धोतीही चालतो. आणि बंदही, बी, ए, एन, डी, एच. तो बेळगावकरांना वेगळा शिकवावा लागत नाही. उत्तर म्हणून यांची वाट बघू नका, पण एच किंवा जे तपासायचा असेल तर उपयोगी पडतात.

उत्तरांचं स्पेलिंग अमेरिकन असतं. 2022 च्या जानेवारीत फेवर हा शब्द आला होता, यू शिवाय, आणि इंग्लंडातल्या लोकांनी चिक्कार कुरकुर केली. आपण शाळेत कलर, ऑनर, ह्युमर सगळे यू घालून घोकले, म्हणून ते सहा अक्षरांचे म्हणून आपल्या हिशेबात येतच नाहीत. शेवटी ओ आणि आर असतील तर यू काढून बघायचं.

सलग जिंकलेल्या दिवसांची मालिका गायब झाल्याची तक्रार वेगळी. खातं उघडून लॉगिन केलं नसेल तर तुमची आकडेवारी त्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येच राहते, आणि ब्राउझर साफ केला की गेली. भाचीची 61 दिवसांची मालिका कुणी हरवली नाही, तिच्या भावानं 'मेमरी फुल' म्हणून मोबाइल साफ केला. खातं काढून ठेवा.

शेवटचा प्रश्न तिचाच. "सगळं केलं मामा, दोन शब्द उरले आणि ओळ एकच. मग?" मग जो शब्द लग्नपत्रिकेत, वर्तमानपत्रात, बसच्या पाटीवर दिसतो तो टाकायचा, डिक्शनरीतला नाही. उत्तरांची यादी ओळखीच्या शब्दांतून निवडलेली आहे, ते काम पलक शाह यांनीच केलं होतं. आणि दोन्ही सारखेच ओळखीचे असतील, तर जो आपल्याला आधी सुचला नव्हता तो. याला पुरावा माझ्याकडं नाही. काल दुपारी फाइट आणि नाइट उरले असताना मी नाइट टाकला आणि हरलो, भाचीनं फाइट टाकला होता.